दिवाळीची आठवण कोणाकडे? कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका घरच्या नोंदी

14 सप्टेंबर 2025, रविवार

पितृपक्ष चालू आहे. खरेदी नाही, कार्य नाही, बोलावणी नाहीत. दिवाळीचा कागद मांडायला वर्षात एवढा निवांत पंधरवडा मिळत नाही, म्हणून आजच वही काढली.

प्रकल्पाचं नाव साधी दिवाळी. घरात सासूबाई, हे, मी, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. पाहुणे म्हणजे डोंबिवलीचे धाकटे भाऊजी, जाऊ आणि त्यांची दोन पोरं. भाऊबीजेला इचलकरंजीहून वन्सं. महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं भाऊजींनी 18 ऑगस्टलाच काढली आहेत. रेल्वेचं आरक्षण हल्ली 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे 17 ऑक्टोबरच्या रात्रीची गाडी हवी तर त्याच सकाळी मोबाईल घेऊन बसायला लागतं. म्हणजे पाहुण्यांची दिवाळी आमच्या आधी ठरलेली आहे.

आता मूळ दुखणं. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझा आवाज चढला तेव्हा हे म्हणाले, "तू सांगितलंस तेवढं सगळं केलं की!" अगदी खरं. तेल आणलं, पणत्या आणल्या, माळ लावली, पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. पण प्रत्येक गोष्ट मी सांगितल्यावर. मी पतसंस्थेत कामाला आहे. तिथं ज्याच्या टेबलाला ठेवीचं काम, त्यालाच मुदत कधी संपते ते माहीत असतं. मॅनेजर रोज उठून त्याला सांगत नाही. घरात मात्र हात पाच माणसांचे आणि डोकं एकाचं. दिवाळीचा शीण लाडू वळून येतो असं म्हणतात, मला तो कधीच लाडवांनी आला नाही.

म्हणून या वर्षीचा नियम एकच: ज्याच्याकडे काम, त्याच्याकडेच त्याची आठवण. मागून आठवण करून देणं बंद.

नियम जेवताना वाचून दाखवला. ह्यांनी मान हलवली. सासूबाईंनी ताक मागितलं.

17 सप्टेंबर, बुधवार

सगळ्यांना एक प्रश्न विचारला. कोणती एक गोष्ट झाली नाही तर तुला दिवाळी झाल्यासारखी वाटणार नाही? एकच सांगायची.

सासूबाई: अनारसे. हे: पहाटेचं तेल-उटणं, आणि तेही अंधार असताना. मुलगा: किल्ला. मुलगी: "सकाळी कोणी कोणावर ओरडायचं नाही." जाऊबाईला फोनवर विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ताई, खरं सांगू? आल्या आल्या मला स्वयंपाकघरात उभं करू नका. एक दिवस फक्त." माझं उत्तर: पाडव्याच्या दुपारी दार लावून झोप.

शंकरपाळीचं नाव कोणीच घेतलं नाही. रव्याच्या लाडवाचं नाही, शेवेचं नाही, चिरोट्यांचं नाही. आणि दरवर्षी शंकरपाळ्यांचा मोठा डबा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवून पुरवून, शेवटी चहात बुडवून संपवतो आम्ही.

20 सप्टेंबर, शनिवार

कोल्हापुरात खरी झाडलोट घट बसायच्या आधी होते. गोधड्या, चादरी, पडदे, जळमटं, माळ्यावरची भांडी, सगळं या आठवड्यात निघतं. ह्यांच्या लहानपणी सगळी गल्ली धुण्याची बोचकी घेऊन पंचगंगेवर नाहीतर रंकाळ्यावर जायची. आता गच्चीवर दोऱ्या बांधतो, एवढाच फरक. आज दोन्ही गच्च्या गोधड्यांनी भरल्या आहेत.

मग महिन्यात परत दिवाळीची साफसफाई कशासाठी? टीव्हीवर जाहिराती लागतात म्हणून? निर्णय: नवरात्राची झाडलोट हीच दिवाळीची झाडलोट. दिवाळीआधी फक्त अंगण, उंबरा, देवघर आणि पाहुण्यांची खोली. सासूबाईंना हे पटवायला वेळ लागेल वाटलं होतं, पण त्यांनीच सांगितलं की त्यांच्या सासूबाईही एकदाच काढायच्या. दोनदा काढायची चाल घरात कधी शिरली, कोणाला आठवत नाही.

22 सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आजपासूनच जीएसटीचे नवे दर लागू झाले. तूप आणि सुका मेवा 12 टक्क्यांवरून 5 वर आला, मोठे टीव्ही 28 वरून 18 वर. ह्यांच्या डोळ्यात टीव्ही चमकला. वहीत लिहून ठेवते: टीव्ही दिवाळीचं काम नाही. दर उद्याही तोच राहणार आहे. घ्यायचा तर डिसेंबरात, रिकाम्या दुकानात, बसून बघून घ्यावा.

3 ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा चौकात सीमोल्लंघन बघून आलो. सोनं लुटलं, गल्लीभर वाटलं. आज कामाला लागायचं.

फराळाचे नऊ जिन्नस होते, ते चारावर आणले: चकली, चिवडा, बेसन लाडू आणि अनारसे. यातली चकली घरी. चिवडा आमच्या पलीकडच्या गल्लीत आचारी बसतात त्यांच्याकडून, पोहे-शेंगदाणे-तेल आपलं, मजुरी किलोवर. बेसन लाडू बचत गटाच्या बायकांकडून, मागणी आजच नोंदवली. अनारसे सासूबाईंचे, त्यात मी काडीची लुडबूड करणार नाही. देवाला पाच करंज्या लागतात असं सासूबाई म्हणाल्या. पाच म्हणजे पाचच, असं मी दोनदा लिहून घेतलं.

पोरांसाठी नानकटाई बेकरीतून भाजून आणायची. मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन जायचं, संध्याकाळी डबा भरून परत. ही सोय ज्या गावात आहे तिथं घरच्या ओव्हनपुढे घाम गाळण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

बाकीची वाटणी फडताळाच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवली. बाहेरून लावली असती तर आल्यागेल्यानं वाचली असती. हे: पणत्या, तेल, वाती, विजेच्या माळा, स्टेशन, पाडव्याचा सगळा दिवस. मुलगी: पूजेचं साहित्य, रांगोळी. मुलगा: किल्ला, उटणं, साबण. मी: कपडे, चकली, हिशेब, पाहुण्यांची खोली. प्रत्येकानं आपल्या कामाची यादी आपण करायची. मुलीनं विचारलं, "पूजेला काय काय लागतं?" मी म्हटलं, "आजीला विचार." एवढं सोपं उत्तर देताना जीभ अक्षरशः चावायला लागली, कारण ती यादी मला पाठ आहे.

6 ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. दूध आटवणं हे काम वाटणीत नव्हतं, आणि केलंही नाही. गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्यालो, चंद्र वाटेत बघितला. दुधाला फेस, पोरांना मिशा.

7 ऑक्टोबर, मंगळवार

कपडे झाले. महाद्वार रोडला जायची वेळ नीट निवडावी लागते. नवरात्रात तिथं अंबाबाईच्या भक्तांची गर्दी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचे बोनस झालेले असतात, दूध संघाचा दरफरक गावोगावी जमा झालेला असतो, आणि सगळा जिल्हा एकदम पापाच्या तिकटीला उतरतो. मधले हे आठ-दहा दिवस मोकळे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून सकाळी दुकान उघडताच गेले. दुकानदाराला बोलायला वेळ होता, साड्या उलगडायला माणसं होती.

सगळ्यांना एकेक जोड. सासूबाईंना साडी नको होती, त्यांना मऊ सुती परकर आणि ब्लाऊजपीस हवं होतं. वर्षानुवर्षं आपण त्यांना रेशमी काठाची साडी देतो आणि त्या ती कपाटात ठेवतात. विचारलं म्हणून कळलं. भाऊजींच्या घरासाठी कपडे घेतले नाहीत, तसं फोनवर दोन्हीकडून ठरवून टाकलं. त्यांनी आमच्यासाठी घ्यायचे नाहीत, आम्ही त्यांच्यासाठी नाहीत, पोरांच्या हातात पाकीट. जाऊबाईनं सुटकेचा श्वास टाकला तो मला इथं ऐकू आला.

8 ऑक्टोबर, बुधवार

अनारशांचा तांदूळ आज उपसला. रविवारी भिजवला होता. जुना जाडा तांदूळ, रोज पाणी बदललेलं, तीन दिवस. उपसून पंच्यावर पसरला, सावलीत. पूर्ण वाळू द्यायचा नाही. मुठीत दाबला तर हाताला गार, दमट लागला पाहिजे, पण पाणी लागता कामा नये. सासूबाई दर थोड्या वेळानं येऊन मूठ भरून बघत होत्या. आणि मग एकदम म्हणाल्या, "आता." मला आधीच्या मुठीत आणि या मुठीत काही फरक कळला नाही.

पीठ मिक्सरवर झालं (खलबत्ता आता त्यांच्याच्यानं होत नाही), तलम चाळणीनं चाळलं. गूळ बारीक किसून, पिठापेक्षा किंचित कमी. पिवळाधमक दिसणारा नको, जरा काळपट असला तरी चालेल, असा त्यांचा हट्ट. दोन्ही एकत्र मळून गोळे करून डब्यात. थोडं तूप. डबा वरच्या फळीवर. आठवडाभर तिकडं बघायचं नाही.

मी फक्त उभी होते. साध्या दिवाळीचा आराखडा करताना पहिल्यांदा अनारसेच कापायचे असं माझ्या डोक्यात होतं, कारण सगळ्यात खटपटीचा जिन्नस तोच. पण ही खटपट त्यांची आहे, त्यांना हवीशी आहे, आणि ती आमच्यातल्या कोणाच्याही डोक्यावर नाही. किती वेळ लागतो यावरून ओझं मोजता येत नाही, हे मला त्यांच्या मुठीकडं बघताना पटलं.

11 ऑक्टोबर, शनिवार

चकलीची भाजणी. प्रमाण आमच्या घरचं: तांदूळ 1 किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव, मूग डाळ पाव, मूठभर पोहे, धने आणि जिरे. तांदूळ आणि डाळी काल धुवून फडक्यावर सुकवल्या होत्या. आज एकेक वेगळं भाजलं, मंद आचेवर. तांदूळ फुलेपर्यंत, डाळी खमंग वास सुटेपर्यंत. लाल करायच्या नाहीत, नाहीतर चकली तळताना काळी पडते.

गिरणीत रांग होती. कोल्हापूरच्या गिरणीतली दिवाळीची रांग म्हणजे डब्यांची रांग. माणसं बाहेर कट्ट्यावर गप्पा मारत बसतात, डबे आत नंबर धरून उभे असतात. प्रत्येकीचं एकच सांगणं, "गव्हावर टाकू नका हं, तांदळावर टाका." गव्हाच्या दळणामागून भाजणी टाकली तर जात्यात राहिलेली कणीक त्यात उतरते आणि चकली चिवट होते. गिरणीवाल्याला हे माहीत असतं. तो सकाळी तांदूळ दळून घेतो आणि मग ओळीनं सगळ्यांच्या भाजण्या. तरी सांगितल्याशिवाय एकही बाई तिथून हलत नाही. माझ्या पुढच्या आजींनी सांगितलं, मी सांगितलं, माझ्या मागच्या मुलीनं सांगितलं. तो प्रत्येकीला तितक्याच शांतपणे "व्हय, तांदळावरच" म्हणाला. या माणसाच्या धीराला खरं तर एक किलो लाडू द्यायला हवेत.

तिथंच एक गंमत लक्षात आली. आम्ही ज्याला आठवण करून देत होतो, ते काम त्याच्या हाडात आहे. आमचं सांगणं त्याच्यासाठी नव्हतंच.

12 ऑक्टोबर, रविवार

चकल्या झाल्या. मोहन कडकडीत तेलाचं, पीठ गरम पाण्यात भिजवून थोडा वेळ झाकून ठेवलं. सोऱ्या मुलीनं फिरवला, तळल्या ह्यांनी. पहिला घाणा तुटला, कारण मोहन जास्त झालं होतं. तसंच थोडं कोरडं पीठ मिसळल्यावर वेटोळी धरली. तुटलेल्या चकल्या दुपारी चहाबरोबर संपल्या, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं असं वाटत नाही.

एक जिन्नस, तीन माणसं, दुपारी दोनपर्यंत ओटा धुवून मोकळे.

13 ऑक्टोबर, सोमवार

मुलाचा किल्ला सुरू. सहामाही परीक्षा संपल्या संपल्या दप्तर टाकून तो माती आणायला गेला. यंदा गल्लीत ज्याला त्याला पन्हाळाच करायचा आहे. जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे, आणि शाळेत त्यावर भाषणं झाली आहेत. घरापासून पन्हाळा जवळ, त्यामुळे प्रत्येकाला तीन दरवाजा कुठं आणि अंधारबाव कुठं यावर मत आहे. वाद मिटवायला उद्या सगळी टोळी पुसाटी बुरुजाचे फोटो बघणार आहे.

मोहरी आजच पेरली. पाच-सहा दिवसांत हिरवळ येते.

माती अंगणभर झाली आहे. अंगण माझ्या यादीत नाही. मी त्यावरून पाय उचलून गेले.

15 ऑक्टोबर, बुधवार

अनारसे तळले. पिठाची छोटी गोळी खसखशीवर थापायची, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायची, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं, उलटायचं नाही. पहिलाच हसला, म्हणजे तुपात पसरून विरघळला. सासूबाईंनी गोळ्यात चिमूटभर तांदळाची पिठी मळली आणि दुसरा जाळीदार उतरला. मग चाळणीत उभे करून निथळत ठेवले. त्या दिवसभर एकट्या स्वयंपाकघरात होत्या आणि बाहेर आल्या तेव्हा कालच्यापेक्षा ताज्या दिसत होत्या.

आणखी एक. गल्लीच्या ग्रुपवर लक्ष्मीपूजन 20 ला की 21 ला यावर धुमश्चक्री चालू आहे. अमावास्या 20 ला दुपारी लागते आणि 21 ला संध्याकाळी संपते, त्यामुळे उत्तरेकडं 20 आणि आपल्या पंचांगांत 21. आमच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर अंतिम. ग्रुप आठ दिवसांसाठी मूक केला. या प्रकल्पातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय हाच निघाला.

17 ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

पणत्यांच्या कामाची आज परीक्षा होती. ह्यांनी कुंभार गल्लीतून पणत्या आणल्या, त्या पिशवीतच पडून. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवल्या नाहीत तर मातीच तेल पिते आणि दिवा घटकाभरात विझतो. उद्या धनत्रयोदशी, यमदीप लावायचा. मी पिशवी बघितली, ह्यांच्याकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं. बोलले नाही. नियम म्हणजे नियम.

साडेनऊला सासूबाई आतून ओरडल्या, "अरे, पणत्या भिजत घातल्यास का?"

मी म्हटलं, "आई, आठवण करून द्यायची नाही असं ठरलंय ना?"

"मी काय तुझ्या वहीत सही केलेली न्हाई."

हे उठले, बादली घेतली. नोंद करण्यासारखी गोष्ट पुढची: पणत्या बादलीत घालताना ह्यांनी स्वतःच वाती मोजल्या, कमी निघाल्या, आणि चप्पल घालून वाती आणायला बाहेर पडले. ते कोणी सांगितलं नव्हतं.

18 ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

पाहुणे आले. जाऊबाईला गच्चीवर खुर्ची, चहा आणि तिच्या मुलीची वेणी घालायला सासूबाई. दुपारचं जेवण पिठलं-भात-ठेचा. पाहुणे आले म्हणून पक्वान्न नाही, हे आधीच ठरलं होतं. भाऊजींनी तिसऱ्यांदा पिठलं घेतलं.

पणत्या रात्रभर जळल्या.

19 ऑक्टोबर, रविवार

यंदा धनत्रयोदशी आणि नरक चतुर्दशी यांच्या मधे हा एक रिकामा दिवस आला. काहीही ठरवायचं नाही असं ठरवलं होतं, तर सकाळी गॅस संपला.

गॅस कोणाच्याच यादीत नव्हता. सगळे ज्या नजरेनं माझ्याकडं बघायला लागले, त्या नजरेवरून एवढं कळलं की दारावरच्या कागदात जे बसत नाही ते आपोआप माझ्या नावावर चढतं. मीही लगेच फोन उचलला होता. मग ठेवला आणि विचारलं, "हे कोणाकडे?" भाऊजी म्हणाले, "माझ्याकडे." पाहुण्यानं शेजाऱ्यांकडून भरलेली टाकी खांद्यावर आणली, नोंदणी करून टाकली, आणि दिवसभर ज्याला त्याला ते सांगत फिरले. कागदावर नवी ओळ: गॅस, पाण्याची टाकी, औषधं, फोनचे रिचार्ज. या चार गोष्टी सणाच्या वाटत नाहीत, म्हणून सणाच्या यादीत येत नाहीत.

20 ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

अंधारात अंघोळी. उटणं मुलानं आणलं होतं, साबणही, आणि कारीट फोडायला कारीटही. त्याची यादी आमच्यापेक्षा पक्की, कारण त्यानं ती आजीला तीनदा विचारून केली. कोणी ओरडलं नाही. म्हणजे सात वाजेपर्यंत नाही. किल्ल्यावरचे मावळे चुलतभावानं हलवले तेव्हा जे झालं ते या नोंदीत घेत नाही.

मला पतसंस्थेत जायचं होतं. घरातून निघताना मागं वळून काही सांगितलं नाही. रिक्षात बसल्यावर सवयीनं फोन हातात घेतला, तोही पर्समध्ये टाकला.

21 ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

लाह्या, बत्तासे, नवी केरसुणी, झेंडू, विड्याची पानं, सगळं मुलीनं ताटात मांडलं. बेल राहिला म्हणून सासूबाई कुरकुरल्या. मुलगी म्हणाली, "लक्ष्मीला बेल कशाला?" यावर दोघींची चर्चा पूजेनंतरही चालू होती.

गल्लीत माळा वाजल्या. आमच्याकडं पोरांनी भुईनळे आणि भुईचक्रं एवढंच आणलं होतं, ते आटोपल्यावर सगळे किल्ल्यापुढं बसले. फराळाची ताटं शेजारी पाठवली, त्यात चार जिन्नस. उलट आलेल्या ताटांत शंकरपाळी होती, करंज्या होत्या, कडबोळी होती, शेव होती. न केलेलं सगळं घरात आलं.

22 ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

हे सगळ्या पोरांना घेऊन सागरमाळावर म्हशी बघायला गेले. गवळ्यांनी म्हशी नुसत्या धुतलेल्या नसतात. अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली, शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागं धावते, गर्दीतून वाट काढत. डोंबिवलीच्या पोरांनी म्हैस धावताना पहिल्यांदाच बघितली. धाकट्यानं परत येऊन मला सांगितलं की म्हशीला तिचं नाव माहीत असतं.

एवढं मी नंतर ऐकलं. दुपारी मी दार लावून झोपले होते. साडेचारला उठले तेव्हा चहा कोणीतरी केलेला होता, साखर जास्त.

23 ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

वन्सं आल्या, दोघा भावांना ओवाळलं, जेवून संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. मी माहेरी गडहिंग्लजला आज गेले नाही. भाऊबीजेच्या दिवशी एसटीत उभं राहून जायचं, ओवाळायचं आणि उभ्या उभ्या परत यायचं, हे बरीच वर्षं केलं. भावाला फोन करून रविवार ठरवला. तो म्हणाला, "रविवारीच ये, मी पण आज बायकोला घेऊन तिच्या माहेरी अडकलोय."

26 ऑक्टोबर, रविवार

गडहिंग्लज. बसायला जागा मिळाली, दोन्ही वेळेला. आईनं विचारलं, यंदा वाळलेली दिसत नाहीस, बरी आहेस ना?

5 नोव्हेंबर, बुधवार, त्रिपुरारी पौर्णिमा

पहाटे पंचगंगेच्या घाटावर दिवे बघायला गेलो. उरलेल्या पणत्या तिथं लावून आलो, त्यामुळे त्या माळ्यावर ठेवायचं एक काम वाचलं. फराळाचे डबे चारही रिकामे. अनारसे तर भाऊबीजेलाच संपले होते.

हिशेब लिहिला. खर्च गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे, पण फार कमी नाही. आचारी आणि बचत गट यांना पैसे गेले, कपड्यांत आणि फटाक्यांत वाचले. ज्यांना पैसे वाचवायला साधी दिवाळी करायची आहे त्यांना ही वही तितकीशी उपयोगी नाही, कारण मी वेळ विकत घेतला आहे.

दारावरचा कागद काढणार होते. ह्यांनी थांबवलं. पेन घेऊन "गॅस" या ओळीपुढं स्वतःचं नाव लिहिलं, "पाण्याची टाकी" पुढंही. "औषधं" पुढं सासूबाईंनी मुलीचं नाव लिहायला लावलं. वहीत सही न करणाऱ्या बाई!

9 नोव्हेंबर, रविवार

अंबाबाईचा किरणोत्सव आजपासून. ठरलेल्या तारखा 9, 10 आणि 11 नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. जाऊबाईचा फोन आला की तिनं हे कधीच बघितलेलं नाही, पुढच्या दिवाळीत जमेल का.

कॅलेंडर काढून बघितलं. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात जाते. लक्ष्मीपूजन रविवारी, 8 तारखेला, आणि भाऊबीज 11 ला. म्हणजे किरणोत्सवाचे तिन्ही दिवस दिवाळीतच. महाद्वार रोडला दिवाळीची गर्दी आणि किरणोत्सवाची गर्दी एकदम. गोधड्या नेहमीप्रमाणं घट बसायच्या आधी धुऊन होतील, पण कपड्यांची खरेदी मात्र जरा पुढं ढकलता येईल.

भाऊजींना कळवलं: 6 नोव्हेंबरच्या रात्रीची महालक्ष्मी हवी असेल तर आरक्षण 7 सप्टेंबरला सकाळी उघडेल. त्यांनी लगेच उलट विचारलं, दर्शनाच्या रांगेचं काय? दारावरच्या कागदावर तेवढी एक ओळ वाढवली आहे. तिच्यापुढं नाव लिहायला अजून कोणी पेन उचललेलं नाही, आणि मीही नाही.